बांधावरून चालायचं नाही: व्हिएतनामच्या गावांतली अमेरिकन पायदळाची गस्त

भातशेतीच्या गावात वाढलेल्या पोराला बांधावरून चालायला कुणी शिकवत नाही. खाचरात पाय घातला तर रोप मोडतं आणि शेतमालकाच्या शिव्या खाव्या लागतात, एवढं त्याला शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं. व्हिएतनाममधलं पोरही असंच वाढतं. तिथेही भात, तिथेही गुडघाभर चिखल, वाफ्यात रोपं वाढवून ती उपटून पुन्हा लावायची तीच रीत आणि दोन खाचरांच्या मधला तोच चिंचोळा बांध.

१९६०च्या दशकात या देशात गस्त घालायला आलेल्या अमेरिकन पायदळाच्या जवानाला मात्र पहिल्याच आठवड्यात उलटं शिकवलं जाई. बांधावरून चालायचं नाही. कोरडी, सोपी वाट जिथे असेल तिथेच सुरुंग पुरलेला असणार, म्हणून खाचरात उतरायचं आणि लावलेल्या भातातून जायचं. त्या जवानाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आणि शेत माझं असतं, तर तीस जण माझं भात तुडवत जाताना बघून माझ्या मनात काय आलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

व्हिएतनाम युद्धावर मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक वरून पाहिलेलं असतं: शीतयुद्ध, कम्युनिझम, बॉम्बफेक, वॉशिंग्टनमधले निर्णय. मला ते खालून सांगायचंय. एक तुकडी दिवसभर काय करायची, काय खायची, कशाला घाबरायची आणि तिच्या प्रत्येक खबरदारीची किंमत गावाला कशी मोजावी लागायची. हे समजलं की एवढी मोठी फौज एवढी वर्षं गावागावांतून हिंडूनही गावं तिच्या बाजूला का आली नाहीत, याचा उलगडा बराचसा होतो.

आधी थोडी ओळख. ८ मार्च १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर सुमारे साडेतीन हजार मरीन उतरले. मरीन म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकेचं वेगळं सैन्यदल. तिथलं सरकार अमेरिकेच्या पाठिंब्यावर उभं होतं, त्याच्या विरोधात गावोगाव व्हिएतकाँग गनिम होते आणि त्यांच्या पाठीशी कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनाम. एप्रिल १९६९ पर्यंत अमेरिकन फौज ५ लाख ४३ हजारांवर पोचली. यातले बहुतेक जण तळांवर होते: आचारी, कारकून, ड्रायव्हर, मेकॅनिक, गोदामवाले. रोज पायी गस्त घालणारे त्या मानाने थोडे. ते स्वतःला 'ग्रंट' म्हणवत. त्यात एकोणीस-वीस वर्षांची पोरं भरपूर होती. काही स्वखुशीने आलेली, काही सक्तीच्या भरतीत सापडलेली. कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून सवलत मिळे, त्यामुळे गिरणी-कारखान्यातल्या आणि शेतावरच्या घरांतली मुलं जास्त. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. म्हणजे यातल्या अनेकांना बंदूक मिळाली होती, मत नव्हतं.

तुकडीची रचना अशी. दहा-अकरा जणांचं एक स्क्वाड, त्याचा प्रमुख सार्जंट. तीन-चार स्क्वाड मिळून प्लाटून, तिचा प्रमुख लेफ्टनंट, बहुधा तोही बावीस-तेवीस वर्षांचाच. कागदावर प्लाटूनमध्ये चाळीसएक माणसं, पण आजारी, जखमी आणि रजेवरचे वजा केले की प्रत्यक्षात पंचवीस-तीस उरत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे. लष्करी जवानाची नेमणूक बारा महिन्यांची असे, मरीनची तेरा. परत जायची तारीख आल्या दिवसापासून ठरलेली. अनेक जण शिरस्त्राणाच्या कापडी खोळीवर महिने लिहून एकेक खोडत जात. पण अख्खी तुकडी एकत्र येत-जात नसे. आज एक गेला, परवा दुसरा आला, असं चाले. तुकडीला आघाडीवर नेणारा अधिकारी तर बऱ्याचदा सहा महिन्यांतच बदले. वाट कुठे फसवी, विहीर कुणाची, कोणता म्हातारा खरं बोलतो, हे सगळं कळायला लागेपर्यंत ते कळलेला माणूस घरी निघालेला असे.

आता ओझं. आपल्या घरातला भरलेला गॅस सिलिंडर उचलून बघा. साधारण तीस किलो. पायदळाच्या जवानाच्या अंगावर कमी-अधिक एवढंच वजन असे, कधी याहून जास्त. एम-१६ रायफल आणि तिच्या गोळ्या, हातबॉम्ब, धुराचे डबे, चार-पाच बाटल्या पाणी, तीन-चार दिवसांचे जेवणाचे डबे, खणायचं फावडं, पोंचो म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं कापड, मलमपट्टीचं सामान. शिवाय मशिनगनच्या गोळ्यांचा एखादा पट्टा प्रत्येकाच्या खांद्यावर, कारण एम-६० मशिनगन एकटीच साडेदहा किलोंची, तिच्या गोळ्या तिच्या माणसाने एकट्याने वाहायच्या म्हटल्या तर तो उभाच राहायचा नाही. रेडिओवाल्याच्या पाठीवर आणखी दहा किलोंचा संच. त्याची उंच अँटेना लांबून दिसे आणि शत्रूला नेम धरायला बरी पडे, म्हणून तो ती वाकवून पट्ट्यात खोचून ठेवी. हे सगळं घेऊन ३५ अंशांच्या उष्म्यात चालायचं. चालण्याला त्यांचा शब्द होता 'हंप'. ओझ्याखाली पाठीला आलेलं कुबड त्या शब्दात दिसतं.

दिवस उजाडायच्या आधी सगळे जागे. ही हल्ल्याची वेळ, म्हणून अर्धा-पाऊण तास प्रत्येक जण आपापल्या खड्ड्यात बंदूक रोखून गप्प बसे. उजाडलं की कॉफी. कॉफी तयार करायची पद्धत सांगण्यासारखी आहे. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला खालच्या बाजूने भोकं पाडली की झाली चूल. आत इंधनाची वडी पेटवायची. पण त्या वडीचा धूर डोळ्यांत झोंबे, म्हणून जवान सी-४ नावाच्या स्फोटकाचा सुपारीएवढा गोळा तोडून पेटवत. नुसतं पेटवलं तर ते फुटत नाही, निळसर ज्वाळेने भसाभसा जळतं आणि पाणी क्षणात उकळतं. पूल उडवायला दिलेली दारू अशी चुलीत जाई.

जेवण म्हणजे सी-रेशन. एका खोक्यात बारा जणांचं एकेक जेवण. प्रत्येकात मांसाचा एक डबा, फळं किंवा केक, बिस्किटं, चीज नाहीतर शेंगदाण्याचं लोणी, आणि एका पुडीत कॉफी, साखर, मीठ, च्युइंग गम, काड्यापेटी, टॉयलेट पेपर आणि चार सिगारेटी. पीचच्या फोडींवर भांडणं होत. डुकराचं मांस आणि लिमा बीन्स हा डबा मात्र फुकट दिला तरी कुणी घेत नसे. डबा उघडायला बोटाच्या पेराएवढं घडीचं पातं मिळे, ते गळ्यातल्या ओळखपट्टीच्या साखळीत अडकवलेलं असे.

खाऊन झालं की डबा चेपायचा आणि पुरायचा, अशी सक्त ताकीद होती. स्वच्छतेसाठी नव्हे. व्हिएतकाँगचे लोक टाकलेला डबा उचलत, तो वाटेकडेच्या झाडाला बांधत आणि पिन काढलेला हातबॉम्ब त्यात घट्ट बसवत. डब्याच्या भिंतीमुळे बॉम्बची कळ दाबलेली राही. बॉम्बला बांधलेली बारीक तार वाटेवर आडवी. पाय अडकला की बॉम्ब डब्यातून बाहेर, कळ सुटली, चार-पाच सेकंदांत स्फोट. डबा अमेरिकन, आणि पुष्कळदा हातबॉम्बही अमेरिकनच, कुणाच्या तरी पट्ट्यावरून गळून पडलेला. न फुटलेले तोफगोळेही असेच उकरून पुन्हा वापरले जात.

पाण्याचं तसंच. ओढ्याचं, विहिरीचं किंवा खाचराचं पाणी बाटलीत भरायचं, आयोडीनची गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं. चव इतकी वाईट की जवान घरी पत्र लिहून सरबताच्या पावडरीची पाकिटं मागवत. (पत्राला तिकीट लागत नसे. तिकिटाच्या जागी 'फ्री' एवढा शब्द लिहिला की पत्र जाई.) सोमवारी मलेरियाची मोठी गोळी. आणि पाय. सतत ओल्या मोज्यांत राहून पायांची कातडी पांढरी पडे, सुरकुते आणि सोलून निघे. मेकाँग नदीच्या मुखाकडच्या पाणथळ मुलखात हा त्रास एवढा झाला की तिथल्या डिव्हिजनने जवानांना सलग दोन दिवसांहून जास्त पाण्यात ठेवायचं नाही असं ठरवलं. आवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांच्या बोटांच्या बेचक्या कुजतात, त्याला चिखल्या म्हणतात. हा त्याचाच थोरला भाऊ.

मग चालणं. रांगेत, दोघांत पाच ते दहा मीटर अंतर. अंतर यासाठी की एक सुरुंग फुटला तर एकच जावा. सगळ्यांत पुढे 'पॉइंट' म्हणजे वाट काढणारा. त्याची नजर जमिनीवर: गवत दबलंय का, माती ताजी उकरलेली आहे का, दोन रोपांमधून काही चमकतंय का. त्याच्या मागचा माणूस नजर वर ठेवी, झाडांकडे आणि समोरच्या कुंपणाकडे. असं तासन् तास. बहुतेक दिवशी काहीच होत नसे. आणि मग एखाद्या दुपारी एक आवाज, मातीचा लोट आणि एका पोराचा पाय गुडघ्याखाली नाही.

जानेवारी १९६५ ते जून १९७० या काळात अमेरिकन लष्कराचे जे जवान मेले त्यांतले ११ टक्के आणि जखमी झाले त्यांतले १७ टक्के सुरुंग आणि सापळ्यांमुळे. आकडा देशभराचा आहे. किनाऱ्यालगतच्या दाट वस्तीच्या काही भागांत गस्तीवरच्या तुकड्यांना दुसरा शत्रू महिनोन् महिने दिसतच नसे. गोळी आली तर गोळी झाडता येते. सुरुंगावर झाडायचं काय? मदत मात्र वेगाने येई. रेडिओवर हाक गेली की जखमींना उचलणारं ह्युई हेलिकॉप्टर येई आणि बहुतेकदा तासाभरात माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर असे. त्यामुळे आधीच्या युद्धांत मेले असते असे अनेक जण यात वाचले, पायांशिवाय. उरलेली तुकडी मात्र तिथेच उभी राही, हेलिकॉप्टरचा आवाज विरेपर्यंत. आणि समोर, दोनशे मीटरवर, गाव.

गाव म्हणजे काय, हेही समजून घेऊ. व्हिएतनामी गाव आपल्या कोकणातल्या गावासारखं असतं, एका नावाखाली विखुरलेल्या अनेक वाड्या. प्रत्येक वाडीभोवती बांबूचं दाट कुंपण, आत केळी, नारळ, फणस, म्हशीचा गोठा, गवताने शाकारलेली घरं. घरात पूर्वजांचा देव्हारा, त्यापुढे उदबत्ती. दारात सुपारी-पान चघळणारी, दात काळे केलेली आजी. पूर्वजांची गोल थडगी शेतातच, म्हणजे जमीन नुसती पिकाची नसते, घराण्याची असते. तिथून उठवून दुसरीकडे नेऊन वसवलं की माणूस अर्धा उरतो. सरकारने संरक्षणाच्या नावाखाली नेमकं हेच अनेकदा केलं.

तुकडी वाडीत शिरे ती दिंडीदरवाजातून नाही. दरवाजाला तार बांधलेली असू शकते, म्हणून कुंपण तोडून. बांधावरून नाही, दारातून नाही. जवान जिवंत राहण्यासाठी जे जे करत होता, त्यातलं प्रत्येक काम शेतकऱ्याचं काहीतरी मोडत होतं. यात दर वेळी दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. बऱ्याच वेळा नुसती भीती होती. पण मोडलेलं कुंपण भीतीने मोडलं की रागाने, याने म्हैस बाहेर जायची थांबत नाही.

आत काय दिसे? बायका, म्हातारी माणसं, मुलं. तरणे पुरुष नाहीत. ते सरकारी सैन्यात असत, व्हिएतकाँगकडे असत, मेलेले असत किंवा या दोघांपासून लपलेले असत. जवानाच्या डोक्यात मात्र एकच उत्तर येई. मुलं मागे लागत, थंड कोकाकोला विकत, चॉकलेट मागत. ती मागे लागली की जवान जरा सैल होत. मुलं दिसेनाशी झाली की प्रत्येकाचा हात बंदुकीवर घट्ट होई, कारण पुढे काय आहे ते मुलांना ठाऊक असे.

मग चौकशी. प्लाटूनमध्ये व्हिएतनामी बोलणारा अमेरिकन जवळपास नसेच. एखादा दुभाषा असे, तोही शहरातला, खेड्यातल्या माणसाकडे वरून बघणारा. व्हिएतकाँग कुठे? किती? कधी आले होते? उत्तर ठरलेलं: खोम बिएत. ठाऊक नाही. हे दोन शब्द जवानांना इतक्यांदा ऐकायला मिळाले की त्यांनीही ते उचलले.

आजीला खरंच ठाऊक नसे का? पुष्कळदा असे. वाटेवर सुरुंग पुरला की व्हिएतकाँग गावकऱ्यांसाठी खूण ठेवत, मोडलेली काटकी, एका विशिष्ट रीतीने मांडलेले दगड. सकाळी त्याच वाटेने बायका कावडी घेऊन निवांत गेलेल्या जवानांनी बघितलेल्या असत, आणि दुपारी त्याच वाटेवर आपला मित्र गेला. यातून जवान काय समजला असेल ते सांगायला नको. पण आजीच्या बाजूनेही बघा. तिने सांगितलं तर तुकडी संध्याकाळी निघून जाणार आणि रात्री दुसरे लोक दार ठोठावणार. व्हिएतकाँगने सरकारधार्जिणे म्हणून अनेक गावप्रमुखांना आणि शिक्षकांना ठार केलं होतं. ते भाताचा कर घेत, पोरं उचलून नेत, आणि त्यांच्या सुरुंगांवर गावातली माणसं आणि म्हशीही मरत. पण रात्री तेच येत. आणि कितीतरी घरांतला एखादा पोरगा त्यांच्यातच असे. खोम बिएत हे खोटं असेलही, त्या आजीपाशी जगण्याचा तेवढाच उपाय होता.

आता भाताची कणगी घ्या. झडतीत साठवलेलं धान्य सापडलं की प्रश्न पडे: हे घरचं की गनिमांसाठी ठेवलेलं? विशी-बाविशीचा लेफ्टनंट, ज्याच्या घरी आठवड्याला दुकानातून पाव येतो, तो हे ठरवणार. हिशेब करून बघू. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरला तरी सहा जणांच्या घराला वर्षाला हजार किलोंहून जास्त लागतात. त्यात बियाणं वेगळं, खंड वेगळा, अडीअडचणीला विकायचं वेगळं. कोकणातल्या बाईला एवढी कणगी बघून नवल वाटणार नाही. अमेरिकेतल्या ओहायोच्या पोराला ते शत्रूचं कोठार वाटे. धान्य जप्त होई, कधी जाळलं जाई, कधी पाण्यात टाकलं जाई.

सगळ्यांत वाईट गत तळघराची. तोफा आणि विमानं अंदाधुंद मारा करत, म्हणून जवळजवळ प्रत्येक घराने पलंगाखाली किंवा अंगणात आसऱ्याचा खड्डा खणलेला असे. पण गनिमांची भुयारंही बाहेरून अशीच दिसत. जवान तोंडाशी उभा राहून 'बाहेर या' म्हणून ओरडे, तेही इंग्रजीत किंवा मोडक्या व्हिएतनामीत. आतली माणसं भीतीने आणखी आत सरकत. कुणी बाहेर आलं नाही की आत हातबॉम्ब. पळणारा माणूस संशयित, लपणारा संशयित, शांत उभा राहणारा 'शिकवून तयार केलेला'. गावकऱ्याला निर्दोष ठरायला उभं राहायची जागाच उरत नव्हती.

वरिष्ठांना हे कळत नव्हतं असं नाही. प्रत्येक जवानाच्या खिशात नऊ नियमांचं छोटं कार्ड असे: आपण इथे पाहुणे आहोत, लोकांशी मैत्री करा, बायकांशी आदराने वागा, भाषेतले चार शब्द शिका. चांगलेच नियम. पण त्याच खिशाच्या मालकाकडून रोज दुसरा एक आकडा मागितला जाई, किती मारले. जमीन जिंकायचं हे युद्ध नव्हतं. सकाळी घेतलेलं गाव संध्याकाळी सोडायचं होतं, त्यामुळे प्रगती मोजायला मेलेल्यांची संख्या धरली गेली. अधिकाऱ्यांच्या बढत्या तिच्यावर अवलंबून राहू लागल्या. मेलेला माणूस व्हिएतनामी असेल तर तो व्हिएतकाँगच, असं जवानांत सर्रास बोललं जाई. कार्डावरचे नियम कुणी मोजत नव्हतं, हा आकडा मोजला जात होता. या युद्धातल्या सगळ्या चुकांत मला ही सर्वांत मोठी वाटते.

३ ऑगस्ट १९६५ रोजी दा नांगजवळच्या काम ने गावात मरीननी सिगारेट पेटवायच्या लायटरने गवती छपरं पेटवली. अमेरिकन टीव्हीच्या कॅमेऱ्याने ते टिपलं आणि लोकांनी घरी जेवताना बघितलं. लायटर झिप्पो नावाच्या कंपनीचा होता, ते नावच पुढे घरं जाळण्याला चिकटलं.

आणि मग १६ मार्च १९६८. क्वांग न्गाय प्रांतातल्या सोन मी गावच्या एका वाडीत चार्ली कंपनी, म्हणजे काही प्लाटूनची मिळून झालेली तुकडी, सकाळी हेलिकॉप्टरमधून उतरली. ही कंपनी देशात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. समोरासमोर मोठी लढाई एकही नाही, पण सुरुंग आणि सापळ्यांत २८ जण मेले-जखमी झालेले. दोनच दिवसांपूर्वी एक सार्जंट असाच गेला होता. त्या सकाळी वाडीतून तुकडीवर गोळीबार झाला नाही. तरी दुपारपर्यंत बायका, मुलं, म्हातारी माणसं मारली गेली: अमेरिकन चौकशीनुसार ३४७, गावातल्या स्मारकावर, दुसऱ्या वाडीतले धरून, ५०४. नकाशावर त्या वाडीचं नाव माय लाय ४ होतं. दाट वस्ती नकाशात गुलाबी छापलेली, म्हणून जवान त्या सगळ्या भागाला 'पिंकव्हिल' म्हणत. तिथे राहणाऱ्यांचं आपल्या वस्तीसाठी वेगळंच नाव होतं. ते कंपनीतल्या जवानांना बहुधा ठाऊकही नव्हतं.

मी वर एवढं सांगितलं, ओझं, सुरुंग, भीती, खोम बिएत, ते या सकाळची सबब म्हणून नाही. त्याच दिवशी, तेच युद्ध लढणारा हेलिकॉप्टर पायलट ह्यू थॉम्पसन वरून हे बघून खाली उतरला. आपलं हेलिकॉप्टर त्याने अमेरिकन जवान आणि पळणारे गावकरी यांच्या मध्ये उतरवलं आणि आपल्या गनरना सांगितलं की हे लोकांवर गोळ्या झाडू लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा. काही जणांना त्याने बाहेर काढून वाचवलं. कंपनीतल्याही काहींनी गोळी झाडायला नकार दिला. म्हणजे परिस्थिती सगळ्यांची एकच होती, वागणं एक नव्हतं. प्रकरण वर्षभराहून जास्त दाबलं गेलं, नोव्हेंबर १९६९ मध्ये पत्रकार सेमूर हर्श यांनी ते बाहेर काढलं. २६ जणांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा एकालाच झाली, लेफ्टनंट विल्यम कॅली. तोही साडेतीन वर्षं बहुतेक नजरकैदेत राहून सुटला. थॉम्पसनला लष्कराने शौर्यपदक दिलं ते १९९८ मध्ये.

पुन्हा आपल्या तुकडीकडे. संध्याकाळ झाली की ती वाडीपासून दूर उंचवट्यावर मुक्काम करे. आणि खरी लांबण रात्रीची. दोघांत-तिघांत एक खड्डा, छातीपर्यंत खणायचा, दिवसभर चालून आल्यावर. पुढे क्लेमोर सुरुंग मांडायचे. वहीएवढी, किंचित बाकदार पेटी, तिच्या फुगीर बाजूवर इंग्रजीत ठळक कोरलेलं: पुढची बाजू शत्रूकडे. गनिम रात्री सरपटत येऊन ती पेटी हळूच उलटी फिरवून जात, म्हणजे कळ दाबणाऱ्याच्याच अंगावर छर्रे यावेत.

मुक्कामाच्या बाहेर, अंधारात, शंभरेक मीटरवर दोघं-तिघं नुसते ऐकत बसायला पाठवलेले असत. त्यांनी बोलायचं नाही. तासाला मुक्कामातून रेडिओवर कुजबुज येई: सगळं ठीक असेल तर हँडसेटची कळ दोनदा दाब. तो दोनदा दाबे. मुक्कामातल्या रेडिओत खर्र, खर्र असे दोन छोटे आवाज. एवढंच संभाषण. दोन खर्रखर्रींच्या मधला तो तास एकोणीस वर्षांचा पोरगा पाण्यात बसून काढी, डास मारायचा नाही, खोकायचं नाही, समोर हललं ते म्हैस आहे की माणूस याचा अंदाज घेत. आणि कधी कधी ती खरंच म्हैसच असे, आणि ती मारली जाई. ती एका घराची नांगरणी असे.

गावाबाहेर रात्र काढायची या पद्धतीला एक अपवाद होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६५ मध्ये हुए शहराजवळच्या फू बाय इथे मरीननी एक प्रयोग सुरू केला. चौदा-पंधरा मरीन आणि नौदलाचा एक वैद्यक-सहायक, यांनी गावातच राहायचं, गावच्या रक्षकदलातल्या माणसांबरोबर. सकाळी येऊन संध्याकाळी जायचं नाही. यासाठी स्वखुशीने येणारे निवडले जात, त्यांना दोनेक आठवडे भाषा आणि रीतिरिवाज शिकवत. पुढे अशा शंभरावर तुकड्या झाल्या. त्यांचे हाल कमी नव्हते, इतक्या थोड्या माणसांवर रात्री हल्ला झाला तर मदत पोचेपर्यंत सगळे मेलेले असू शकत. पण वैद्यक-सहायक रोज पोरांचे गळू फोडी, मरीन गावच्या घरी माशाच्या खारट रसाबरोबर भात खात. कणगी कुणाची किती मोठी असते हे त्यांनी भरताना बघितलेलं असे. आज वाटेने जाऊ नका, हे त्यांना कुणीतरी सांगे, कधी शब्दाने, कधी नुसतं मुलाला हाताला धरून मागे ओढून. लष्कराच्या वरिष्ठांना मात्र मोठ्या तुकड्यांच्या मोठ्या मोहिमा हव्या होत्या. हा प्रयोग देशभर कधी पसरला नाही, आणि तिथेही मरीन तेरा महिन्यांनी बदलतच राहिले.

बदलणं असं असे. तारीख आली की जवान रसद घेऊन आलेल्या हेलिकॉप्टरमध्ये चढे. उरलेलं पाणी, चांगले मोजे आणि पीचचा डबा मागच्यांना वाटून टाके. तिथून तळ, तळावरून विमान, आणि दोन-चार दिवसांत तो आईच्या स्वयंपाकघरात बसलेला असे, नखांतला लाल चिखल अजून गेलेला नसताना.

त्याच हेलिकॉप्टरमधून त्याच्या जागी दुसरा उतरे. बूट कोरडे, कपडे हिरवेगार, ओझं चुकीचं बांधलेलं. तुकडी निघे. समोर भाताची खाचरं, त्यांच्यामधून जाणारा कोरडा बांध, आणि पलीकडे ओणवून रोपं लावणाऱ्या बायका. नवा पोरगा सवयीने बांधाकडे वळे. मागून कुणीतरी ओरडे आणि तो खाचरात उतरे. बायका हातातलं काम थांबवून तो जाईपर्यंत बघत राहत, आणि मग त्याने तुडवलेल्या ओळीकडे वळत.